हिमानीसाठी माहौल

पालकसभेत निरंजन महाजनचा अपमान झाला तो हिंदीत. मराठीत झाला असता तर त्यानं जागच्या जागी उत्तर दिलं असतं. हिंदीतही त्याला उत्तरं सुचत, पण ती स्कूटर घराच्या निम्म्या वाटेवर आल्यानंतर. घरात मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी, असं ते सरहद्दीवरचं शहर होतं.

तसं पाहिलं तर वंदना मॅडमनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. तिसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकावर निरंजन गुडघे छातीशी घेऊन बसला होता, शेजारी त्याची मुलगी हिमानी पाय हलवत होती, आणि पुढ्यात तिचा हिंदीचा पेपर होता. पंचवीसपैकी अकरा. त्यांच्या आधी त्याच बाकावर डॉक्टर नवरा-बायको बसून गेले होते. त्यांच्या मुलाला चोवीस होते आणि उरलेला एक गुण कुठे गेला याची चौकशी बराच वेळ चालली होती. अशा जोडप्याच्या पाठोपाठ नंबर लागणं हाच मुळात एक अपमान असतो, पण त्याची तक्रार कुणाकडे करता येत नाही.

"पापा, आप कितना पढ़े हैं?" मॅडमनी विचारलं. चाळिशीच्या बाईंनी चाळिशीच्या माणसाला 'पापा' म्हणायचं, ही अशा शाळांची रीत आहे.

"बी.कॉम."

"और मम्मी?"

"बारहवीं. बहादरपुर से." बायकोच्या माहेरच्या खेड्याचं हे दुसरं वाक्य आपण का जोडलं, ते निरंजनला स्वतःलाही कळलं नाही.

"घर में पढ़ने-लिखने का माहौल है?"

निरंजननं प्रामाणिकपणे विचार केला. घरात टीव्हीचा माहौल होता, पाहुण्यांचा होता, सासऱ्यांकडून केळी आली की चार-पाच दिवस केळीचा होता. "है ना," तो म्हणाला, "सब पढ़े-लिखे हैं."

"वो ठीक है. पर बच्ची किसी को पढ़ते हुए देखती है क्या? देखिए, घर के बैकग्राउंड का बच्चे पर बहुत फर्क पड़ता है. थोड़ा माहौल बनाइए."

मागे रांगेत उभ्या असलेल्या पालकांनी 'बैकग्राउंड' हा शब्द ऐकला आणि निरंजनकडे पाहिलं. म्हणजे तसं निरंजनला वाटलं. प्रत्यक्षात त्यांतला प्रत्येक जण आपल्या मुलाच्या पेपराच्या धास्तीत होता. पण अपमान झालेल्या माणसाला सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं, आणि त्यातून त्याला थोडा मोठेपणाही मिळतो.

घरी शीतल कणीक मळत होती. "काय म्हणाल्या मॅडम?"

"बॅकग्राउंड म्हणाल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे घरचं सगळं. आईवडिलांचं शिक्षण वगैरे." निरंजननं चपला काढल्या, तो पाणी प्यायला आणि पुढचं वाक्य बोलून मोकळा झाला. "माझं तर बी.कॉम. आहे."

वाक्य एवढंच होतं. पण नवराबायकोत काही वाक्यं अशी असतात की ती अर्धी बोललेलीच पुरतात. शीतलनं हात धुतले.

"म्हणजे उरलं ते माझं."

"असं मी कुठं म्हटलं?"

"नाही म्हटलं. ठीक आहे. उद्यापासून हिचा अभ्यास तुम्ही घ्या. बी.कॉम.कडून होऊ द्या."

ती हे भांडणाच्या सुरात बोलली असती तर निरंजनला बरं वाटलं असतं. भांडण मिटवता येतं. पण ती दळण आणायला सांगावं तितक्या शांतपणे बोलली, आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

हिमानीचा अभ्यास आजवर कोण घेत होतं, केव्हा घेत होतं, हे निरंजननं कधी पाहिलं नव्हतं. तो सकाळी दहाला ऑफिसला जाई, आणि वाटेत चहा घेत घेत सातला परत येई. तोवर दप्तर भरलेलं असे, मुलगी जेवायला बसलेली असे. नळाला पाणी येतं तसा मुलांचा अभ्यास आपोआप होतो अशी त्याची समजूत होती.

माहौल बनवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायला तो खाली सुरेशभाऊंकडे गेला. सुरेशभाऊ तळमजल्यावर राहत. त्यांचा तुषार इंदूरला इंजिनीअरिंगला लागल्यापासून लालबागच्या त्या सगळ्या गल्लीचं शिक्षणखातं त्यांच्याकडे होतं. त्यांची वाक्यं 'तुषारच्या वेळी' अशी सुरू होत.

"तुषारच्या वेळी मी पहिलं काय केलं असेल?" सुरेशभाऊंनी विचारलं, आणि निरंजनला उत्तर देऊ न देता सांगितलं, "काचेचं कपाट! पुस्तकं दिसली पाहिजेत. पोरगं येता-जाता बघतं. डोळ्यांतून थेट डोक्यात जातं. लाकडी दाराचं नको हं. लाकडातून काही जात नाही."

"आणि टीव्ही?"

"टीव्ही असू द्या. बातम्यांना लागतो."

निरंजनच्या मनानं कपाट घेतलं ते घेतलंच. त्यातही त्याला एक विशिष्ट कपाट आठवलं. तो एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत बाबू होता. तिथे जिन्याखाली एक सागवानी, काचेच्या दारांचं, पुरुषभर उंचीचं कपाट धूळ खात पडलं होतं. निकाली काढलेल्या सामानात त्याची नोंद होती, आणि दोन लिलावांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. असं सामान कर्मचाऱ्याला अर्ज करून घेता येई. अडचण एकच होती. असे अर्ज ज्याच्या टेबलावरून पुढे जात, तो बाबू निरंजन महाजनच होता.

दुसरा एखादा माणूस असता तर त्यानं डोळे मिटून सही केली असती. निरंजननं तसं केलं नाही. कुठलाही अर्ज पहिल्या फेरीत पुढे सोडायचा नाही हा त्याचा आजवरचा नियम होता, आणि स्वतःसाठी तो मोडला तर शाखेत काय अब्रू राहील? त्यानं सकाळी अर्ज केला, दुपारी टेबलाच्या या बाजूला येऊन वाचला, आणि त्यावर शेरा मारला की अर्जदारानं प्रयोजन स्पष्ट केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्जदारानं प्रयोजन स्पष्ट केलं: मुलीच्या शैक्षणिक प्रगतीसाठी घरात माहौल. कागद साहेबांकडे गेला आणि हिरव्या शाईत प्रश्न घेऊन परत आला, 'माहौल से क्या तात्पर्य है?'

हा प्रश्न निरंजनला सात-आठ दिवस पुरला. त्यानं चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. शेवटी त्यानं 'पुस्तकें दिखना' असं लिहिलं. साहेबांनी बहुधा कंटाळून सही केली.

दरम्यान रोज संध्याकाळी साडेसातला बी.कॉम.चा वर्ग भरत होता.

निरंजन शिकवायला वाईट होता असं नाही. तो ऑफिसात जसा बसे तसाच इथे बसे, एवढंच. हिमानी एक ओळ वाची, तो थांबवी. "मात्रा कुठाय?" दुसरी ओळ वाची, तो थांबवी. "'की' दीर्घ. पुन्हा." तिनं उत्तर लिहून आणलं की तो वरपासून खालपर्यंत बघे, एक चूक शोधे आणि सगळं परत लिहायला लावी. चौथ्या दिवसापासून हिमानीच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी दुखत नसे, शाळेत दुखत नसे, साडेसात वाजले की दुखे. शीतल स्वयंपाकघरातून ओव्याचं पाणी पाठवी, स्वतः येत नसे. दोन-तीनदा ती दारापर्यंत आली होती आणि परत फिरली होती.

पुढच्या चाचणीत हिमानीला सहा गुण मिळाले.

निरंजननं पेपर उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. सहाच होते. त्यानं त्यातून निष्कर्ष काढला की कपाट आता तातडीनं आणायला हवं.

रविवारी सकाळी शीतलचे वडील, चुडामण पाटील, बहादरपूरहून आपली पिकअप घेऊन आले. एरवी त्या गाडीतून केळीचे घड मंडीत जात. चुडामण आबा चौथी शिकले होते, त्यांना ऐकायला थोडं कमी जाई, आणि जावयाच्या कुठल्याही बेतात ते काही न विचारता सामील होत. ऑफिसचा शिपाई भाईदासही मदतीला आला होता. तिघांनी मिळून कपाट चढवलं. गाडीत केळीचा पाला अंथरलेला होता, त्यामुळे काचा शाबूत लालबागला पोहोचल्या.

"जावाईबापू, हे कपाट हाये का देऊळ?" आबांनी खाली उतरवताना विचारलं.

"पुस्तकांचं आहे, आबा."

"कोनती पुस्तकं?"

या प्रश्नाकडे निरंजनचं तोवर लक्ष गेलं नव्हतं. घरात हिमानीचं दप्तर सोडलं तर एक पंचांग, लग्नात आलेलं पाककृतींचं पुस्तक आणि मिक्सरचं माहितीपत्रक होतं. "ती येतील नंतर," तो म्हणाला.

जिना अरुंद होता. पहिल्या वळणावर कपाट उभं केलं, दुसऱ्यावर आडवं केलं. सुरेशभाऊ खालून सूचना देत होते. त्यांतल्या निम्म्या डावीकडच्या होत्या आणि निम्म्या उजवीकडच्या, आणि त्या सगळ्या पाळून कपाट अखेर निरंजनच्या दारात पोहोचलं. उभं करून ते आत ढकललं. निम्मं गेलं. मग ते थांबलं.

पुढे ढकललं, जाईना. मागे ओढलं, येईना. चौकटीनं ते दोन्ही बाजूंनी असं धरलं की सुरी घालायला फट नव्हती. फक्त वरच्या अंगाला वीतभर जागा उरली. घरात शीतल आणि हिमानी होत्या. जिन्यावर निरंजन, आबा, भाईदास आणि सुरेशभाऊ होते. घराला दुसरं दार नव्हतं.

"तेल लावा," सुरेशभाऊ म्हणाले. तेल लावलं. आता कपाट बुळबुळीत होऊन तिथेच राहिलं.

"कुऱ्हाड हाये गाडीत," आबा म्हणाले. "दोन घाव टाकतो, पोरी मोकळ्या होतीन."

"नाही, नाही!" निरंजन कपाटाच्या आणि सासऱ्यांच्या मध्ये उभा राहिला. "आबा, याला साहेबांची मंजुरी आहे!"

आबांना मंजुरी म्हणजे काय ते ऐकू आलं नसावं, पण जावयाचा चेहरा दिसला. ते पायरीवर बसले.

चौकट काढायला सुतार हवा होता. ओळखीचा सुतार शालिग्राम असीरगढला लग्नाला गेला होता. त्यानं फोनवर शांतपणे सांगितलं, "उद्या दुपारी येतो. तोवर कुणी हात लावू नका. तेल-बिल तर बिलकुल लावू नका."

दुपारचं जेवण वरच्या फटीतून बाहेर आलं. पहिल्यांदा आबांची भाकरी आली, मग भाईदासची, मग सुरेशभाऊंनाही एक आली, आणि शेवटी निरंजनची. कुणाच्या आधी कुणाची येते हे त्यानं मोजलं नसतं, पण त्या दिवशी त्याला दुसरं काही कामच नव्हतं. रात्री तो आणि आबा सुरेशभाऊंकडे तुषारच्या खोलीत झोपले. भिंतीवर जगाचा नकाशा होता. आबांनी त्यात बहादरपूर शोधलं, सापडलं नाही म्हणून दिवा घालवला.

सोमवारी हिमानीची शाळा बुडाली. मुलीच्या शैक्षणिक प्रगतीसाठी आणलेल्या कपाटानं मुलीला शाळेत जाऊ दिलं नाही, ही गोष्ट सुरेशभाऊंनी गल्लीत सकाळी नऊच्या आत पोहोचवली. येणारा-जाणारा जिन्याखालून मान वर करून बघे. दूधवाल्यानं विचारलं की कपाट विकायचं आहे का. निरंजननं रजा टाकली होती. तो आणि आबा जिन्यावर बसून सुताराची वाट बघत होते.

आतून हिमानीचा रडवेला आवाज आला. "आई, उद्या मॅडम धडा विचारणार. मला नाही येत. सगळं विसरायला होतं."

शीतल म्हणाली, "ये इकडं. पुस्तक आण. आबा बाहेर बसलेत, कंटाळले असतील. त्यांना वाचून दाखव. मोठ्यानं वाच, त्यांना कमी ऐकू येतं."

कपाटापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि वीतभर फटीत हिमानीचं कपाळ आणि पुस्तकाची कड दिसायला लागली. धडा भाज्यांच्या सभेचा होता. सगळ्या भाज्या राजा कुणी व्हायचं यावरून भांडत होत्या. हिमानी अडखळत वाचत होती. एक 'की' ऱ्हस्व वाचली गेली. निरंजनचं बोट आपोआप वर झालं. पण आतून कुणीच थांबवलं नाही.

"कद्दू ने कहा..." हिमानी थांबली. "आई, कद्दू म्हणजे?"

"डांगर. आपला लाल भोपळा."

"मग डांगर का नाही लिहीत?"

"शाळेत त्याला कद्दू म्हणतात. तुला मी हिमू म्हणते, शाळेत हिमानी म्हणतात. तू एकच आहेस ना? तसं. आता सांग, हे डांगर कसं बोलत असेल? एवढं मोठं पोट आहे त्याचं."

हिमानीनं जाड आवाज काढला. शीतलनं वांग्याचा आवाज काढला, तो निवडणुकीतल्या उमेदवारासारखा होता. मग मिरची आली, ती चिरक्या आवाजात भांडली. वाचता वाचता हिमानी पुस्तकात नसलेलंही बोलायला लागली, आणि शीतल तिला बोलू देत होती. मधूनच विचारी, "हे छापलंय का तुझ्या मनातलं? दाखव बरं," आणि हिमानी हसत हसत ओळीवर परत येई.

"केळ कुठी हाये त्याच्यात?" आबा जिन्यावरून ओरडले.

"आबा, केळ फळ आहे. ही भाज्यांची सभा आहे!"

"कच्च्या केळाची भाजी नाही होत का? सांग म्हना त्याहिले! केळाले बोलावलंच नाही म्हंजे काय?"

"आबा विचारतात, केळाला का नाही बोलावलं," शीतल म्हणाली. "आता तू केळ हो. हिंदीत बोल. काय म्हणशील सभेत जाऊन?"

आणि जी मुलगी साडेसातला पोट धरून बसायची, ती खुर्चीवर उभी राहून हिंदीत भाषण करायला लागली. मोडकं होतं, मध्ये मराठी घुसत होती, पण थांबत नव्हतं. आबांनी टाळ्या वाजवल्या. निरंजनलाही हसू आलं. मग ते हळूहळू मावळलं.

हे आधी रोज होत असणार. तो चहाच्या टपरीवर असताना या घरात रोज संध्याकाळी सभा भरत असणार, भाज्यांची नाही तर प्राण्यांची, पाढ्यांची, आणखी कशाकशाची. शीतलकडे होती तेव्हा पोरीला अकरा. त्याच्याकडे आली तेव्हा सहा. बी.कॉम. झालेल्या माणसाला एवढा हिशेब सोडवायला तीन आठवडे आणि एक सागवानी कपाट लागलं होतं.

तो उठून फटीशी गेला. "शीतल."

"काय? पाणी हवंय?"

"नको. तू घेत जा हिचा अभ्यास."

आतून पुस्तक मिटल्याचा आवाज आला. "मी बारावी आहे."

"माहीत आहे."

"बहादरपूरची."

"तुला कुणी सांगितलं?"

"हिमानी होती ना बाकावर तुमच्या शेजारी."

मागे पायरीवर आबा होते. त्यांना एरवी कमी ऐकू येई, पण आपल्या गावाचं नाव त्यांनी बरोबर ऐकलं होतं. "बहादरपूरचं काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, आबा," शीतल आतून म्हणाली.

तिनं ते झाकून घेतलं, आणि त्यानंच निरंजनला जास्त लागलं. तो कपाटाला कपाळ टेकून उभा राहिला. तेलकट होतं. "चुकलं माझं," तो म्हणाला. आवाज आपल्या मानानं त्यानं बारीक ठेवला होता, पण जिना मोठा घुमणारा होता. खालून सुरेशभाऊ वर आले.

"काय झालं? अभ्यासाचं चाललंय? तुषारच्या वेळी..."

"सुरेशभाऊ," फटीतून शीतलचा आवाज आला, "तुषारच्या वेळी वहिनी काय करायच्या, ते एकदा सांगा ना."

सुरेशभाऊंनी तोंड उघडलं. विचार केला. "पहाटे उठवायची त्याला," ते सावकाश म्हणाले. "सोबत बसायची, तो वाचेल तोवर. गहू निवडत." मग त्यांना पाण्याची मोटर बंद करायची आठवण झाली आणि ते खाली गेले.

"एक सांगते," शीतल निरंजनला म्हणाली. "पुढच्या सभेला मी येणार. तुम्ही यायचं तर या, पण बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"आणि संध्याकाळी साडेपाचला घरी यायचं. चहा इथं मिळतो."

शालिग्राम दुपारी आला. त्यानं कपाटावर बोट फिरवलं, वास घेतला, आणि सगळ्यांकडे एकदा पाहून चौकट काढली. कपाट आत गेलं. चौकट पुन्हा बसवली, पण तेव्हापासून दार शेवटचं बोटभर लागत नाही, जोर लावावा लागतो. कपाट बैठकीत उभं राहिलं. त्यात सुरेशभाऊंनी तुषारची जुनी गाइडं आणून ठेवली, आबांनी केळीच्या खतांच्या दोन पुस्तिका पाठवल्या. येणारे पाहुणे त्याच्या काचेत बघून केस नीट करत. हिमानीनं त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नाही.

निरंजन साडेपाचला घरी यायला लागला. पहिले काही दिवस त्याला काय करावं कळेना. शीतल भाज्या चिरत बसे, हिमानी वाचत बसे, आणि त्याला मध्ये बोलायला मनाई होती. मग एकदा धड्यात हत्ती आला आणि हत्तीच्या आवाजाला माणूस कमी पडला. निरंजनचा हत्ती दोघींनाही आवडला. तेव्हापासून मोठे प्राणी, राजे आणि पोलीस त्याच्याकडे आले.

पुढच्या पालकसभेला शीतल आली. आपली निळी साडी नेसून ती त्या बुटक्या बाकावर बसली, आणि निरंजन तिच्या मागे भिंतीला टेकून उभा राहिला. वंदना मॅडमनी पेपर पुढे केला. पंचवीसपैकी सोळा.

"अच्छा सुधार है," मॅडम म्हणाल्या, आणि निरंजनकडे बघून हसल्या. "लगता है पापा ने माहौल बना दिया."

निरंजननं भिंतीकडे पाहिलं. त्याला बोलायचं नव्हतं.

शीतल पेपर बघत होती. एक-एक प्रश्न वाचत होती. एका चित्रावर तिनं बोट ठेवलं. मक्याच्या कणसाचं चित्र होतं, खाली नाव लिहायचं होतं. हिमानीनं 'कणीस' लिहिलं होतं आणि त्यावर लाल फुली होती.

"मैडम, इसमें जीरो क्यों दिया?"

"भुट्टा लिखना था. पेपर हिंदी का है ना."

"हाँ, वो तो बराबर है." शीतलनं बोट चित्रावरच ठेवलं. "पर मैडम, लड़की को मालूम है के ये क्या है. जिसको मालूमच नहीं, उसका भी जीरो, और जिसको मालूम है पर घर का शब्द लिखा, उसका भी जीरो? घर में हम मराठी बोलते. उसको पहले घर का याद आता, फिर स्कूल का. थोड़ा टाइम लगता."

मागच्या रांगेतले आता सगळे खरोखरच बघत होते. निरंजनला वाटलं, मॅडम आता रागावणार. त्याच्या डोक्यात हिंदीतली माफीची दोन वाक्यं तयार होती, अगदी शुद्ध. ती त्यानं गिळली.

वंदना मॅडमनी पेपर आपल्याकडे ओढला आणि त्या फुलीखालचा शब्द वाचला.

"हमारी मम्मी इधर चांदनी गाँव की थीं," त्या म्हणाल्या. "वो भी कणीस ही बोलती थीं. भुट्टा बोलो तो हँसती थीं." मग त्यांनी लाल पेन उचललं, फुलीच्या शेजारी अर्धा गुण लिहिला, सोळा खोडून साडेसोळा केले, आणि हिमानीला जवळ घेऊन म्हणाल्या, "कणीस भी लिखो और भुट्टा भी लिखो. दोनों आना चाहिए. ठीक है?"

"ठीक," हिमानी म्हणाली.

बाहेर फाटकाशी ते डॉक्टर आपल्या गाडीपाशी उभे होते. त्यांच्या मुलाला या वेळी बावीस होते आणि दोघांत त्यावरून काही झालं असावं, कारण बायको आधीच गाडीत बसून समोर बघत होती. डॉक्टरांनी ओळखीचं हसून विचारलं, "आपकी बिटिया का कैसा रहा?"

"साढ़े सोलह," निरंजन म्हणाला. हे उत्तर त्याला हिंदीत जागच्या जागी सुचलं, आणि त्यापुढचंही सुचलं. "उसमें का आधा तो अभी उसकी मम्मी ने लाया. अंदर बैठ के."

डॉक्टर हसले. निरंजनला स्वतःचं बोलणं आवडलं. तो शीतलकडे वळला, तिलाही आवडलं का ते बघायला.

शीतलनं हिमानीला स्कूटरवर पुढे उभं केलं, दप्तर खांद्याला अडकवलं, साडीचा पदर खोचला आणि मागे बसली.

"अर्धाच?" तिनं विचारलं.

निरंजननं स्कूटर सुरू केली.